'लँडस्केप' नावाचा देखावा

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने पुण्याच्या वेशीवर दोन गुंठ्यांत घर बांधले. घर उभे राहिले, रंग वाळला, आणि भोवतीच्या मोकळ्या जागेचे काय करायचे हा प्रश्न आला. या प्रश्नाला आता एक ठरलेले उत्तर आहे : लँडस्केपर नेमायचा. तो नेमला गेला. पंधरवड्यात आराखडा हाती पडला. संगणकावर काढलेली सहा रंगीत चित्रे आणि सोबत चौरस फुटाच्या दराने मांडलेले कोटेशन. सहाही चित्रांत सायंकाळ होती. हिरवळीचा चौकोन, त्याच्या कडेने तीन फॉक्सटेल पाम, लाकडी डेक, पांढऱ्या गोट्यांचा पट्टा, भिंतीवरून ओघळणारे पाणी आणि जमिनीलगत लावलेले दिवे. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे, तेव्हा आम्हांला 'सौंदर्यदृष्टी' असणारच, अशा समजुतीने आम्हांला तो आराखडा पाहायला बोलावण्यात आले होते. आम्ही तोंड उघडण्याआधी घरच्या वहिनींनी एकच प्रश्न विचारला : "यात कपडे कुठे वाळत घालायचे?" लँडस्केपर अदबीने म्हणाला, "मॅडम, ते युटिलिटीत जाईल." युटिलिटी नावाची ती जागा साडेतीन फूट रुंद होती आणि घराच्या उत्तरेला होती. थंडीत तिथे ऊन पोचत नाही.

त्या दिवशी आराखड्याची खरी समीक्षा झाली ती एवढीच, आणि ती आम्ही केली नाही. सौंदर्यदृष्टीचे मानकरी असलेले आम्ही चित्रांतल्या सायंकाळीवर भाळलो होतो. या लेखाचे निमित्त म्हणजे ती शरम. आमचे म्हणणे थोडक्यात असे : घराभोवतीच्या जागेचा आराखडा हाही एक पाठ असतो, तो कोणासाठी लिहिला, कोणाला वगळून लिहिला, त्यात काळ आहे की नाही, हे प्रश्न आपण कवितेला आणि कादंबरीला रोज विचारतो, पण स्वतःच्या दारात मात्र न वाचता सही करतो. या न वाचण्याची किंमत पाणी, माती आणि माळ्याचे श्रम यांना मोजावी लागते.

शब्दापासून सुरुवात करू. 'लँडस्केप' हा शब्द इंग्रजीत आला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, डच चित्रकारांच्या परिभाषेतून. त्याचा इंग्रजीतला पहिला अर्थ जमीन असा नव्हता, जमिनीचे चित्र असा होता. प्रत्यक्ष भूमीला तो शब्द लागला तो नंतर. म्हणजे आधी चौकट आली आणि मग त्या चौकटीत भूमी बसवली गेली. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जमीनदारांनी चित्रासारखी दिसावी म्हणून खरी भूमी खोदायला, उंचवायला, रिकामी करायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रवास पूर्ण झाला. लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) हा त्या चळवळीचा सर्वांत यशस्वी कारागीर. डॉर्सेट परगण्यातले मिल्टन ॲबस हे गाव जमीनदाराच्या दृष्टिपथात येत होते म्हणून पाडून दुसरीकडे वसवले गेले. त्या योजनेतही ब्राउनचा हात होता. देखाव्यात गाव नको, एवढेच कारण त्याला पुरले.

ब्राउननंतरचा हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) तर आपल्या आजच्या लँडस्केपरचा थेट पूर्वज म्हणावा लागेल. १७८८ मध्ये त्याने हा व्यवसाय पत्करला. गिऱ्हाइकासाठी तो लाल चामड्यात बांधलेले एक पुस्तक तयार करी. त्यात जलरंगातली चित्रे असत आणि काही चित्रांवर कागदाची एक झडप चिकटवलेली असे. झडप मिटलेली असताना जागा आज आहे तशी दिसे. ती उचलली की खाली 'सुधारलेली' जागा. झडप उचलायला लागे एक क्षण. त्या क्षणात खरे तर वीस-तीस वर्षांची झाडांची वाढ, शेकडो मजुरांची खोदाई आणि कुणाची तरी हटवलेली पाऊलवाट दडलेली असे. ती झडप आज संगणकाच्या पडद्यावर गेली आहे, इतकाच फरक. 'आधी' आणि 'नंतर' ही दोनच क्रियाविशेषणे तिला ठाऊक आहेत. मधले सगळे क्रियापद गळून पडलेले असते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना रेप्टन भेटला असेल तो जेन ऑस्टेनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क' (१८१४) मध्ये. श्रीमंत आणि मठ्ठ रशवर्थला आपली सॉदर्टनची इस्टेट सुधारून घ्यायची आहे आणि रेप्टनचा दर दिवसाला पाच गिनी आहे, ही माहिती तो कौतुकाने पुरवतो. दुतर्फा झाडांची जुनी रांग पाडली जाणार या कल्पनेने कळवळते ती एकटी फॅनी, त्या घरात आश्रित म्हणून वाढलेली मुलगी. ऑस्टेनने ही गोष्ट गंमत म्हणून लिहिलेली नाही. ज्याला वारसा कळत नाही त्याच्या हाती सुधारणेचा अधिकार आहे आणि ज्याला कळतो त्याला बोलण्याचा हक्क नाही, हे त्या प्रसंगाचे मर्म. पुढे एडवर्ड सैदने 'कल्चर अँड इम्पीरियलिझम' (१९९३) मध्ये याच कादंबरीतल्या अँटिग्वाच्या मळ्यांकडे बोट दाखवले आणि इंग्लिश घराची शांत व्यवस्था दूरच्या गुलामांच्या श्रमाशी कशी बांधलेली आहे ते वाचायला आपल्याला शिकवले. त्याआधी रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये हेच वेगळ्या बाजूने मांडले होते : पाहणारा माणूस राबणाऱ्या माणसापासून वेगळा झाल्याशिवाय भूमीचा 'देखावा' होत नाही.

हे सर्व आपण वर्गात शिकवतो. प्रश्नपत्रिकेत विचारतो. आणि घरी येऊन रेप्टनच्या झडपेवर सही करतो.

आता त्या दोन गुंठ्यांकडे वळू. कोटेशनमध्ये दोन मुख्य शीर्षके होती : 'हार्डस्केप' आणि 'सॉफ्टस्केप'. दगड, फरशी, डेक, पेव्हर ब्लॉक ही पहिल्यात. झाडे, वेली, गवत ही दुसऱ्यात. दोन्हींचे मोजमाप एकच, चौरस फूट. जिवंत वस्तूला फरशीच्या मापाने मोजण्यात दरपत्रकाची सोय असेल, पण भाषेच्या विद्यार्थ्याने तरी इथे थबकले पाहिजे. मराठीत बागेसाठी जे शब्द आहेत ते बहुतेक काही ना काही करणारे शब्द आहेत. आळे म्हणजे केवळ झाडाभोवतीचे वर्तुळ नव्हे, ते पाणी धरून ठेवते आणि दर काही दिवसांनी भरावे लागते. वाफा पाण्याच्या वाटेने आखला जातो. मांडव वेल पेलतो. पाट वाहतो, कुंपण अडवते. यांतला एकही शब्द त्या आराखड्यात नव्हता, कारण आराखड्याला यांतली एकही क्रिया नको होती. शब्द इंग्रजी आहेत ही आमची तक्रार नाही. आपला 'बाग' हा शब्द तरी फारसीतूनच आला आहे, आणि तो आपल्याकडे येऊन इतका राबला की परका वाटत नाही. तक्रार ही आहे की जुने शब्द गेले तेव्हा त्यांच्याबरोबर कामाची समजही गेली.

गवताचेच पाहा. हिरवळीसाठी चौरस फुटाच्या भावाने ज्या जाती विकल्या जातात त्यांत 'बर्म्युडा ग्रास' हे एक भारदस्त नाव असते. वनस्पतिशास्त्राच्या लेखी ते सायनोडॉन डॅक्टिलॉन; म्हणजे आपली दूर्वा. शेतकऱ्याच्या तोंडी तीच हरळी, आणि ती उपटता उपटता त्याची कंबर मोडते. एकच गवत गणपतीच्या मस्तकावर पवित्र, शेतात वैरी आणि नर्सरीत आयात केल्यासारखे महाग. नावाने वस्तूची किंमत, जात आणि पत्ता कसा बदलतो याचे याहून सोपे उदाहरण भाषाविज्ञानाच्या तासाला सापडणार नाही. आणि शहरी मराठीत 'लॉन्स' या शब्दाचा पहिला अर्थ आता लग्नाचे मैदान असा झाला आहे, हेही अगदीच अकारण नसावे. हिरवळीचे आपल्याकडचे खरे काम बसणे-लोळणे हे नाहीच. पाहुण्यांनी पाहणे हे आहे.

या पाहण्याचे पाणी मोजू. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. त्या आराखड्यातली हिरवळ पन्नास चौरस मीटरची होती, तेव्हा दिवसाला अडीचशे लिटर. शहरांच्या पाणीयोजनांत माणशी रोज १३५ लिटरचे मान धरतात. म्हणजे ती हिरवळ त्या घरात जवळजवळ दोन माणसांइतके पाणी पिणार, तेही ज्या महिन्यांत वस्तीत टँकर फिरतात त्या महिन्यांत. दुसऱ्या बाजूला, पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या घराच्या नव्वद चौरस मीटर छपरावर साठ हजार लिटरांहून अधिक पाणी पडते, आणि आराखड्यात त्या पाण्याची वाट होती थेट रस्त्याच्या गटारात. भिंतीवरून पाणी ओघळवणारा पंप मात्र कोटेशनमध्ये अग्रस्थानी होता. पावसाचे खरे पाणी अदृश्य करायचे आणि विजेवर फिरणारे पाणी शोभेला ठेवायचे, याला आम्ही सौंदर्य म्हणायला तयार नाही.

मातीची कथा याहून वेगळी नाही. बांधकाम संपलेल्या आवारात राडारोडा, सिमेंटचे गठ्ठे आणि मुरूम असतो. तो उकरून काढणे खर्चाचे, म्हणून त्यावर सहा इंच लाल माती पसरतात आणि गवताच्या पट्ट्या अंथरतात. चित्र पूर्ण होते. पहिल्या पावसात खालचा मुरूम पाणी मुरू देत नाही, वरची माती चिखल होते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मुळे दगडाला टेकतात. ती लाल माती तरी आकाशातून पडत नाही; कुणाच्या तरी टेकडीचा उतार, कुणाच्या तरी शेताचा वरचा थर ट्रकमध्ये भरून आलेला असतो. जागेच्या कोपऱ्यात एक जुना कडुनिंब होता. त्यावर आराखड्यात लाल फुली होती. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे आणि शहरी हद्दीत स्वतःच्या आवारातले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्यापुढच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. फुली मारणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे नाही. पण चित्राच्या तर्कात कडुनिंब चुकीच्या जागी होता, एवढे पुरे होते.

आणि माळी? सहा चित्रांत माणसे होती. वाइनचा पेला घेतलेला एक पुरुष, डेकवर बसलेली एक स्त्री, चेंडूमागे धावणारे मूल. खुरपे घेतलेला माणूस एकाही चित्रात नव्हता. त्याने अवजारे कुठे ठेवायची, पाणी कुठे प्यायचे, उन्हात टेकायचे कुठे, याची एक रेघही नव्हती. 'मेंटेनन्स' या एका शब्दात तो संपला होता, आणि तो शब्दही कोटेशनच्या शेवटी, 'समाविष्ट नाही' या सूचनेत. ज्या भाषेत अरणचे सावता माळी संत म्हणून उभे राहिले आणि मळ्यातल्या कामालाच त्यांनी भक्तीचे स्थान दिले. ज्या भाषेत फुलांच्या व्यवसायावरून आडनाव मिळालेल्या घराण्यातल्या जोतीरावांनी राबणाऱ्याच्या श्रमावर इतर कसे जगतात याचा हिशेब 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये मांडला. त्या भाषेतल्या सुशिक्षितांनी माळ्याला चित्रातून पुसावे आणि ते कुणाच्या लक्षातही येऊ नये, याला विस्मरण हा फार सौम्य शब्द झाला.

इथे दोन आक्षेप येतील; दोन्हींचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला असा, की हा देशीवाद झाला. विदेशी झाडे नकोत, आपलीच हवीत, असे तुम्हांला म्हणायचे आहे. मुळीच नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा आहे, देवळापुढचा देवचाफा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतला, परसातली पपई, पेरू आणि मिरचीही तिकडचीच. जन्मस्थानाच्या दाखल्यावर झाडे निवडायची तर आपल्या स्वयंपाकघरालाही कुलूप लावावे लागेल. प्रश्न जन्माचा नसून संबंधांचा आहे. झेंडू इथल्या सणात शिरला, मिरची इथल्या ताटात शिरली. फॉक्सटेल पामला त्या आवारात कोणते नाते दिले होते? त्याची सावली कुणाच्या डोक्यावर पडत नाही, फळ कुणाच्या हातात येत नाही. तो तिथे आहे तो केवळ चौकटीच्या उजव्या कडेला एक उभी रेघ हवी होती म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : तुम्ही जुन्या अंगणाचे गोडवे गाता. नाही, तेही आम्हांला मान्य नाही. अंगणातला पहाटेचा सडा कुणाच्या तरी सुनेने भल्या पहाटे उठून घातलेला असे, आणि परसदाराने कोण आत येई व कुणाला पुढच्या दाराने येण्याची मुभा नव्हती, हे सांगायला समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. आपल्या ललित गद्याने अंगणातल्या प्राजक्तावर जेवढी शाई खर्च केली त्याच्या दहावा हिस्साही परसदाराच्या उंबऱ्यावर केली नाही. जुने अंगण श्रम लपवत नसे, त्याची वाटणी जन्मावरून करीत असे. नवा लँडस्केप वाटणी तशीच ठेवून फक्त श्रम नजरेआड करतो. आम्हांला या दोहोंतला एकही पर्याय नको आहे.

मग लँडस्केपर नेमूच नये काय? असे म्हणणे उथळ ठरेल. जमिनीचा उतार वाचणे, पाण्याची वाट ओळखणे, झाड पंधरा वर्षांनी किती पसरेल याचा अंदाज बांधणे ही विद्या आहे आणि ती रीतसर शिकावी लागते. श्रीलंकेतल्या जेफ्री बावाने १९४८ मध्ये लुनुगंगा ही जागा घेतली आणि पुढली जवळजवळ पन्नास वर्षे तो ती बाग घडवत, मोडत, पुन्हा घडवत राहिला. त्या बागेला 'नंतर'चे चित्र कधी नव्हतेच. अर्थात सगळ्यांकडे बावाचा पैसा किंवा त्याचा अवकाश नसतो. पण बाग ताब्यात देण्याची तारीख ठरवून संपत नाही, ही समज दोन गुंठ्यांनाही लागू पडते. कारागिरावर आमचा रोष नाही. त्याच्याकडून चित्र मागणाऱ्या, आणि चित्राखेरीज काहीही न मागणाऱ्या, आपल्यासारख्या गिऱ्हाइकांवर आहे.

म्हणून त्या दिवशी चहा झाल्यावर आम्ही सर्वांनी मिळून आराखड्याच्या समासात पाच प्रश्न लिहिले, आणि ते इथे नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते. एक, हीच जागा मेच्या दुपारी आणि जुलैच्या पावसात कशी दिसेल ते दाखवा. सायंकाळ आम्ही पाहिली. दोन, पहिल्या, पाचव्या आणि पंधराव्या वर्षीचा आराखडा द्या, मुळे आणि भिंत यांच्यातल्या अंतरासह. तीन, प्रत्येक झाडाचे नाव लिहा, मराठी आणि शास्त्रीय. 'झुडूप प्रकार अ' हे नाव नव्हे. चार, उन्हाळ्यात रोज किती लिटर पाणी लागेल आणि छपराचे पाणी कुठे जाईल, राडारोडा किती खोल उकरला जाईल, हे कोटेशनमध्ये आकड्यांत मांडा. आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा व एक उन्हाळा उलटून झाडे जगल्यावर घ्या. पाच, जो माणूस ही बाग रोज सांभाळणार आहे त्याला आराखडा पक्का होण्याआधी एकदा बोलवा, आणि त्याच्या रोजाचा आकडा कोटेशनच्या पहिल्या पानावर लिहा.

पाचव्या प्रश्नावर लँडस्केपर प्रथमच गप्प झाला. मग म्हणाला, असे आजवर कुणी विचारले नव्हते. तो माणूस प्रांजळ होता. त्याच्या बोलण्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्याच्या गिऱ्हाइकांत प्राध्यापक, संपादक, लेखकही होते, हे त्यानेच आधी अभिमानाने सांगितले होते.

आराखडा परत गेला आहे. नवा येईल तो कसा असेल हे सांगता येत नाही. कडुनिंब तूर्त उभा आहे. आणि वहिनींनी त्याच्या फांदीपासून खिडकीच्या गजापर्यंत दक्षिणेच्या उन्हात एक दोरी बांधली आहे. सहा चित्रांनंतर त्या जागेवर झालेले ते पहिले काम. त्या दोरीवर आज चादरी वाळत आहेत, आणि 'दृश्य' बिघडल्याची तक्रार अजून तरी कुणी केलेली नाही.